मज्जापेशींची वीज आणि प्रकाशाची साक्ष

मज्जापेशीचे सारे व्यवहार विजेवर चालतात. विश्रांतीच्या वेळी पेशीचा अंतर्भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. संदेश निघाला की सुमारे एक सहस्रांश सेकंदात हा दाब उलटतो आणि पूर्ववत होतो. १९५२ साली हॉजकिन आणि हक्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञांनी या स्पंदाचे गणित मांडले. त्यासाठी त्यांनी माकूळ या समुद्रप्राण्याचा जाड मज्जातंतू निवडला. कारण त्यात तार घालणे शक्य होते.

परंतु एका तारेने एकाच पेशीचे वृत्त कळते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी; मेंदूतील शिते मात्र एकसारखी नसतात. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत आणि त्यांचे कार्य परस्परांच्या सहकार्यावर अवलंबून असते. मग सुई न टोचता अनेक पेशींची वीज एकाच वेळी कशी पाहावी?

याचे उत्तर पेशीच्या आवरणात सापडले. हे आवरण मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतकेच जाड असते. त्यामुळे ७० मिलिव्होल्टचा अल्प दाबही तेथे दर सेंटिमीटरला लाखाहून अधिक व्होल्ट इतका प्रखर ठरतो. या आवरणात विशिष्ट रंगद्रव्याचे रेणू रुजविले, तर दाब बदलताच त्यांचे तेज बदलते. १९७३ साली सॉल्झबर्ग, डाविला आणि कोहेन यांनी जळवेच्या एकेका मज्जापेशीतील स्पंद या रीतीने टिपले.

मार्ग सुकर मात्र नव्हता. तेजातील फरक अत्यल्प असतो; तो दिसावा म्हणून प्रकाश वाढविला, तर पेशीलाच इजा पोचते. म्हणून अनेकांनी कॅल्शियमचा आधार घेतला. स्पंदाबरोबर पेशीत कॅल्शियम शिरते आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेले फ्युरा-२ हे द्रव्य त्याची वर्दी देते. ही वर्दी ठळक असली तरी मंद असते. लागोपाठचे स्पंद तिच्यात मिसळून जातात. १९९७ साली जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाची जोड देऊन, पेशीने स्वतःच घडवावा असा विद्युतदर्शक तयार झाला. त्यामुळे निवडक जातीच्या पेशीच उजळविणे साध्य झाले.

कवटीतून प्रकाश नीट आरपार जात नसल्याने ही पद्धत मुख्यतः प्राण्यांवरील संशोधनातच वापरली जाते. तरीही अपस्माराचा झटका कोणत्या पेशींतून उठतो आणि कोणत्या वाटेने पसरतो, हे प्रत्यक्ष पाहण्याचे साधन तिने दिले आहे. रोगाची वाट दिसल्यावाचून ती अडविता येत नाही, यातच या परिश्रमांचे मोल आहे.