जयपूरचा पाय

अपघातामुळे वा आजारामुळे ज्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागतो, त्याच्यापुढे चालण्याचा प्रश्न तर उभा राहतोच. पण घरी परतल्यावर आणखी कितीतरी अडचणी त्याची वाट पाहत असतात. पंगतीत मांडी घालून कसे बसावे? चुलीपुढे किंवा शौचकूपात उकिडवे कसे बसावे? पावसाळ्यात चिखल तुडवीत शेतावर कसे जावे? ही साधी कामे जमेनाशी झाली, म्हणजे मनुष्याला उठताबसता दुसऱ्याचा हात धरावा लागतो.

जयपूर येथील सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिरोगांचे शल्यवैद्य होते. तेथे रुग्णांना कृत्रिम पाय बसवून देत. परंतु पुष्कळसे रुग्ण काही दिवसांनी तो पाय टाकून पुन्हा कुबड्या घेत. यात दोष रुग्णांचा नव्हता. तो पाय पाश्चात्त्य राहणीला धरून घडविलेला होता. तिकडे लोक खुर्चीवर बसतात आणि बहुतेक वेळ बूट वापरतात. म्हणून त्या पायाचा गाभा ताठ असे व त्यावर बूट चढवावाच लागे. घोटा वर वळत नसल्यामुळे उकिडवे बसता येत नसे, पाण्याचिखलाने पाय खराब होई. आणि बूट घालून स्वयंपाकघरात किंवा देवळात जाणार तरी कोण?

याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कुशल कारागीर काम करीत. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. मात्र लाकूड, धातू व माती यांचे गुणधर्म त्यांचे हात जाणत होते. एकदा सायकल दुरुस्त करून घेण्यासाठी ते दुकानात गेले असता, तेथे जुन्या टायरवर नवे रबर चढविण्याचे काम त्यांच्या दृष्टीस पडले, आणि पायही असाच करता येईल हे त्यांच्या मनात आले, असे सांगतात.

कच्चे रबर उन्हात चिकट होते व थंडीत कडक बनते. त्यात गंधक मिसळून ते तापविले, तर ते चिवट होते आणि वाकवून सोडताच पूर्वस्थितीवर येते. डॉ. सेठी, शर्मा आणि त्यांचे सहकारी यांनी याच गुणाचा उपयोग केला. घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा, टाचेत व चवड्यात मऊ सच्छिद्र रबर, आणि या सर्वांवर कातडीच्या रंगाच्या रबराचे आवरण, अशी रचना करून ती साच्यात तापविली. १९६८ च्या सुमारास तयार झालेल्या या पायाला बोटेही होती! तो सर्व बाजूंना थोडाथोडा वळे, त्याला पाण्याची भीती नव्हती आणि बुटाचीही गरज नव्हती.

वरची नळी प्रथम ॲल्युमिनियमची करीत. पुढे पाण्याच्या नळांसाठी वापरतात तसल्या प्लॅस्टिकच्या नळीचा उपयोग होऊ लागला. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा ठसा घ्यावयाचा, त्यावरून तंतोतंत नमुना करावयाचा आणि तापवून मऊ केलेली नळी त्यावर ओढून बसवावयाची. हे काम बहुधा एका दिवसातही होते. १९७५ मध्ये जयपुरात स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती असे पाय गरजूंना विनामूल्य देते. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव मात्र त्या मानाने थोड्याच लोकांना ठाऊक आहे.

गुडघ्याच्या वर पाय गेलेला असल्यास कृत्रिम सांधाही लागतो, आणि ते काम अधिक कठीण असते.

मुंबईच्या सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ मधील अपघातानंतर कापावा लागला. जयपूरचा पाय लावून १९८४ मध्ये त्या पुन्हा भरतनाट्यम् नाचल्या. त्या नृत्याची फार वाहवा झाली, आणि ती योग्यच होती. परंतु या पायाची खरी कसोटी रोजच्या घरात लागते. पहाटे उठून घागर भरणे, जमिनीवर बसून भाकरी थापणे, बांधावरून गुरे हाकणे, या कामांना टाळ्या पडत नाहीत. अशा वापराने काही वर्षांत रबर झिजते. मग पाय बदलण्यासाठी तो मनुष्य पुन्हा केंद्रावर येतो. मात्र या वेळी तो चालत येतो.