उन्हाची दोन कामे

शिर्डीस जाणारे बहुतेक लोक प्रसादालयात पंगतीला बसतात. परंतु त्या इमारतीच्या गच्चीवर २००९ साली काय बसविण्यात आले, याची चौकशी फार थोडे करतात. तेथे ७३ अंतर्गोल तबकड्या बसविल्या गेल्या. तबकडी सूर्याबरोबर फिरते व ऊन एका जागी गोळा करते; तेथे पाण्याची वाफ होते आणि वाफेवर खाली स्वयंपाक शिजतो. यात आधी वीज करण्याचा खटाटोप नाही. उन्हाची उष्णता झाली आणि ती अन्नाला लागली.

हा धडा आपल्या घरालाही लागू आहे. घरात ऊर्जेची कामे दोन जातींची असतात. तापविण्याला उष्णता पुरते. दिवा, पंखा आणि पंप यांना मात्र वीजच हवी. आम्ही दोन्ही कामांना वीजच जुंपतो, आणि तेथेच फसतो.

हिशेबच मांडू या. वीस अंशांचे १०० लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापविण्यास साडेचार युनिटांहून थोडी अधिक उष्णता लागते. एक किलोवॉटची सौरपाटी स्वच्छ दिवशी सुमारे चार युनिटे वीज देते. म्हणजे पाटीची दिवसभराची सगळी कमाई घरच्या आंघोळीतच गेली! कारण पाटी उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलते. उलट, काळा पत्रा व त्यावर काच असा साधा सौरबंब सुमारे दोन चौरस मीटर जागेत तेच पाणी तापवितो. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते. पंपही लागत नाही.

खेड्यातील घराला गोठ्याची जोड आहे. गोवरी जाळली की शेताचे खत चुलीत जाते आणि धूर गृहिणीच्या डोळ्यांत. तेच शेण गोबरगॅसच्या टाकीत घातले, तर २५ किलोंपासून सुमारे एक घनमीटर वायू मिळतो व खतही शिल्लक राहते. चार-पाच जनावरांच्या शेणावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. मात्र शेणाइतकेच पाणी लागते; आमच्या दुष्काळी तालुक्यांनी हे आधी पाहावे. हा वायू इंजिनात जाळून वीज केली, तर त्यातील बहुतेक उष्णता वाया जाते. त्याची जागा चुलीतच.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. पावसाळी दिवसांत सौरबंब थंड राहतो, म्हणून दुसरी सोय ठेवावी. विंधन विहिरीचे पाणी जड असेल, तर नळ्यांत क्षार साचतात; त्या वेळच्या वेळी साफ कराव्यात.

२०२४ सालच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविले. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. पण सगळी गच्ची पाट्यांनी भरण्यापूर्वी बंबापुरती जागा राखावी आणि स्वतःलाच विचारावे, ‘आम्हाला वीज हवी आहे, की ऊन पाणी?’