इतिहासाची सभा

व्याख्याने ऐकण्याची आवड महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि उन्हाळ्यातील संध्याकाळी विद्वानांची भाषणे ऐकण्यास लोक जमू लागले. पुढे इतिहासाच्या अभ्यासकांनीही आपल्या सभा भरविण्यास आरंभ केला. या सभांची रीत मात्र थोडी निराळी होती. तेथे वक्त्याने केवळ गोड बोलून भागत नसे. आपण सांगतो त्याला आधार कोणता, हेही त्याला दाखवावे लागे.

अशा सभांची गरज का भासली? मराठ्यांच्या इतिहासाची हजारो अस्सल पत्रे गावोगावच्या जुन्या वाड्यांत पडून होती. ती मोडी लिपीत असल्यामुळे वाचणारे थोडे होते. काही रुमाल वाळवीने खाल्ले, काही पावसात भिजले, तर काही कागद रद्दीच्या मोलाने विकले गेले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी हा ठेवा वाचविण्यासाठी आयुष्य वेचले. दप्तरे शोधीत ते गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे या मालेचे एकूण बावीस खंड निघाले.

परंतु एवढे मोठे काम एकट्याने पुरे होणारे नव्हते. म्हणून राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. साधने मिळवावी, जपावी, तपासावी आणि छापावी, हे मंडळाचे कार्य ठरले. मंडळाच्या सभांत अभ्यासक आपले निबंध वाचीत. नव्याने सापडलेले कागद तेथे सर्वांपुढे मांडले जात. मग प्रश्न निघत. हे अक्षर कोणाचे? कागदावरील शिक्का खरा कशावरून? यात दिलेली तिथी इतर पत्रांशी जुळते काय? या कसोटीस जे उतरे, त्याला मंडळाच्या वृत्तांत व त्रैमासिकात स्थान मिळे. त्यामुळे सभेस न आलेल्या अभ्यासकासही ते वाचता येई आणि त्यातील उणीव दाखविता येई.

या रीतीचा उपयोग केवढा, हे एका उदाहरणाने ध्यानी येईल. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मध्ये, वैशाख शुद्ध द्वितीयेस झाला, असे पूर्वी पुष्कळजण मानीत. इसवी सनाप्रमाणे हे वर्ष १६२७ होय. भोर भागातील कारी गावच्या जेधे देशमुख घराण्याजवळ एक जुनी शकावली होती. शकावली म्हणजे वर्षे व तिथ्या देऊन घटनांची केलेली त्रोटक नोंद. या जेधे शकावलीत महाराजांची जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, अशी दिली होती. ती १९ फेब्रुवारी १६३० या दिवसाशी जुळते. लोकमान्य टिळकांनी ही शकावली १९१६ साली मंडळाच्या चौथ्या संमेलनाच्या वृत्तांत प्रसिद्ध केली.

दोन्ही तिथींमध्ये जवळजवळ तीन वर्षांचे अंतर होते. जुन्या तिथीप्रमाणे अफजलखानाच्या भेटीच्या वेळी, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजी, महाराज बत्तीस वर्षांचे ठरत. नव्या तिथीप्रमाणे एकोणतीस वर्षांचे. आता कोणती तिथी खरी मानावी? एका कागदावरून निर्णय करणे अभ्यासकांना पुरेसे वाटेना. पुष्कळ वर्षे वाद चालला. पुढे महाराजांच्या काळातील कवींद्र परमानंद यांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावर येथे सापडले. मंडळाने ते १९२७ साली प्रसिद्ध केले. त्यातही फाल्गुन वद्य तृतीयाच आढळली. परस्परांपासून शेकडो कोस दूर असलेली दोन साधने एकच गोष्ट सांगू लागली, तेव्हा तिचे बळ वाढले. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारीस शिवजयंती साजरी करते. कारी गावातील तो कागद नष्ट झाला असता, तर हा आधार कायमचा गेला असता.

इतिहासाचा असा ठेवा केवळ पुण्याच्या आसपासच आहे असे नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेला गोंदिया जिल्हा पाहा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. हा तलावांचा प्रदेश आहे. नवेगाव बांध येथील विस्तीर्ण तलाव कोळू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे सांगतात. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेत माघी पौर्णिमेस गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, आणि तेथे पूर्वजांच्या कथा गीतांतून गाइल्या जातात. हा इतिहास कागदापेक्षा लोकांच्या मुखी अधिक आहे.

मुखी असलेल्या इतिहासासही सभेची कसोटी लावता येते. तलावाच्या पाळीची कथा वृद्धांकडून ऐकावी, तिच्या दगडांची व पाटांची मांडणी पाहावी. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले व १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. त्या काळातील जमीनमहसुलाच्या नोंदी मिळाल्यास त्या कथेशी ताडून पाहाव्या. जे जुळेल ते खात्रीने सांगावे; जे जुळणार नाही ते ‘अशी आख्यायिका आहे’ असे म्हणून जपावे. आख्यायिका टाकून देण्याचे कारण नाही, कारण पूर्वजांनी कोणती गोष्ट मोलाची मानली, हे तिच्यावरूनच कळते.

अशा सभेत मोठ्या विद्वानासही सामान्य श्रोता ‘हे कशावरून?’ असे विचारू शकतो. या प्रश्नाने वक्त्याचा अपमान होत नाही. उलट सत्याचा मार्ग मोकळा होतो. घरातील जुना कागद जपणारा, आजोबांची आठवण लिहून ठेवणारा आणि सभेत नम्रपणे प्रश्न विचारणारा, हे तिघेही इतिहासाचे सेवकच होत.