तीन मिलीचा हिशेब

हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची. सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आणलेले मूल 15 किलोचे. किलोमागे 10 मिलिग्रॅम धरले तर त्याला रोज हवेत 150 मिलिग्रॅम. मग आईला शिकवायचे ते असे: कॅप्सूल उघडायची, पूड 10 मिली पाण्यात विरघळवायची, बिनसुईच्या सिरिंजने तीन मिली ओढून पोराला पाजायचे आणि उरलेले टाकून द्यायचे. रोज, वर्षानुवर्षे. घरात कोणी गरोदर असेल तर तिने पुडीला हात लावायचा नाही, हेही बजावायचे. सिकलसेलवरचे आधुनिक उपचार नाशिकपर्यंत कितपत पोचले, हे पाहायला निघालेला माणूस जनुकांपर्यंत जाण्याआधीच या तीन मिलीपाशी अडकतो.

आजाराचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलते. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी वाकड्या, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयी 1958 मध्येच लिहून ठेवले होते. केंद्र सरकारचे निर्मूलन अभियान मात्र 1 जुलै 2023 रोजी शहडोलला सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 ही मुदत, असा त्याचा पल्ला आहे.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर हा नाशिकचा आदिवासी पट्टा. आश्रमशाळेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले, पलीकडच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की शंका घ्यायची. पण मूल वाहक म्हणजे ‘एएस’ आहे की रुग्ण म्हणजे ‘एसएस’, हे ही नळी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते, आणि ओपीडीचे खरे काम तिथून पुढे सुरू होते. पाच वर्षांखालच्या मुलाला पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस द्यायची. डाव्या बरगडीखाली पानथरी कशी चाचपायची, हे आईला दाखवायचे. पानथरी अचानक वाढली तर मुलाचे रक्त तिथेच साठते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. या धोक्याची पहिली चाहूल लागते ती आईच्या बोटांना.

कॅप्सूलचे मोल कळते ते नागपूरमुळे. परदेशात हे औषध किलोमागे 20 मिलिग्रॅम आणि त्याहूनही वर नेत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना 10 मिलिग्रॅमचीच ठरावीक मात्रा देऊन पाहिली. कोणाला औषध आणि कोणाला नुसती गोळी, हे डॉक्टर आणि पालक दोघांपासून झाकलेले. वेदनेचे झटके, दाखल होण्याचे प्रसंग, रक्त चढवण्याची गरज, सगळेच झपाट्याने उतरले. मात्रा कमी म्हणजे धोका कमी, आणि रक्ताच्या तपासण्याही थोड्या लांबवता येतात. दुर्गम तालुक्यासाठी याहून उपयोगी संशोधन क्वचितच झाले असेल.

हे औषध करते काय, तर जन्माआधीचे, गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. गंमत अशी, की डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला कॅसजेव्ही हा जनुक-संपादनाचा उपचारही तेच साधतो. तो 12 वर्षांवरच्यांसाठी आहे आणि त्याची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींच्या वर. भारतातही हालचाल आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने ‘बिरसा 101’ नावाचा देशी जनुकोपचार विकसित केला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिले.

आज हाताशी असलेला मुळावरचा इलाज म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण. मुंबई महापालिकेचे बोरिवलीचे केंद्र मुलांसाठी ते करते. सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळला तर दहातली नऊ मुले तरतात. वाहक भावंडही दाता होऊ शकते. पण एखादे भावंड जुळणारे आणि शिवाय स्वतः रुग्ण नसणारे असण्याची शक्यता पाचात एकाहूनही थोडी कमी. त्यात प्रत्यारोपणाआधी द्याव्या लागणाऱ्या केमोथेरपीने पुढे मूलबाळ न होण्याची भीती. सहा वर्षांच्या मुलाच्या वतीने हा निर्णय आईबापांनी घ्यायचा असतो.

आणि तो घेण्यासाठी लागते ती जाडजूड फाइल. किती झटके आले, छातीचा त्रास किती वेळा झाला, रक्त कितीदा आणि कुठे चढवले, डोक्याच्या डॉप्लरमध्ये रक्ताचा वेग सेकंदाला 200 सेंटिमीटरच्या वर गेला का, हे सगळे त्यात हवे. वेग तिथे पोचला की पक्षाघाताचा धोका गंभीर मानतात. दर खेपेला वेगळ्या दवाखान्यात रक्त चढवून, अँटिबॉडी तयार होऊन, कागद हरवून आलेल्या मुलाबद्दल तज्ज्ञाला काय सांगता येणार?

फाइल तुटते ती स्थलांतरात. भाताची कापणी उरकली की सुरगाणा-पेठची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. पोरेही सोबत जातात. गोळी आणि तपासणीची तारीख मागे राहते. वर जिल्ह्यातली सगळ्यात कडक थंडी निफाडची, आणि थंडी, दमणूक व कमी पाणी ही वेदनेच्या झटक्याला हमखास निमंत्रणे. एसटीत सिकलसेल रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे. बुडालेल्या मजुरीला ती पुरत नाही. लहान मुलांसाठी देशी पातळ औषध सुमारे 405 रुपयांत देण्याची घोषणा केंद्राने 2023 च्या अखेरीस केली होती. ते प्रत्येक आरोग्य केंद्राच्या कपाटात आले, तर आईची सिरिंजची कसरत तरी सुटेल.

तोवर बागायतदारांना एक विनंती. टोळी उतरली की मुकादमाला विचारा, कोणाच्या मुलाला सिकलसेल आहे का. असेल तर त्याला पिण्याचे पाणी, रात्रीची ऊब आणि तपासणीच्या दिवशी आईला पगारी सुट्टी द्या. आणि ताप 101 च्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता मुलाला तुमच्याच गाडीने रुग्णालयात पोचवा.