ठोक्याची पट्टी

सकाळी साडेसात
कान ताजा असतो तोवर कानाची कामं उरकायची, हा माझा नियम. हॉर्न, फोन आणि गप्पांनी कान भरला की खर्जातला अर्धा स्वर हातून निसटतो. म्हणून स्टुडिओत आले की संगणक सुरू करायच्या आधी पेटीवर दोन-तीन पट्ट्यांचे षड्ज धरते, गुणगुणते, मग कामाला बसते.

काम असं : रेकॉर्ड केलेल्या तालवाद्यांचे सुटे आघात ऐकायचे, प्रत्येकाची पट्टी ठरवायची आणि ती फाइलच्या नावात लिहायची. पुढे कुणी संगीतकार तो ठोका उचलून गाण्याखाली ठेवतो. गाणं काळी चारमध्ये आणि ठोका पांढरी पाचच्या जवळ वाजत असला, तर ऐकणाऱ्याला खटकतं काय ते सांगता येत नाही, पण गाणाऱ्याचा सा हललेला वाटतो. दोष गळ्यावर जातो. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

आठ
इलेक्ट्रॉनिक किकने सुरुवात. रोलंडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ने रूढ केलेला लांब, घुमणारा खर्ज. आधी सुरुवातीचा ‘टक्’ कापते. त्या टक्मध्ये साऱ्या कंपनांची गर्दी असते आणि स्वरही वरून खाली घसरत येत असतो. पट्टी शेपटीत सापडते.

संगणकाचा आलेख ५४ हर्ट्झच्या जवळ शिखर दाखवतो. त्यावर विसंबता येत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि ४,०९६ नमुन्यांची खिडकी घेतली, तर आलेखाच्या दोन खुणांमध्ये जवळजवळ ११ हर्ट्झचं अंतर पडतं. इतक्या खाली अर्धा स्वर म्हणजे जेमतेम ३ हर्ट्झ. खिडकी मोठी करावी, तर ठोका तेवढा वेळ टिकतच नाही.

मग मी लाटच मोठी करून बघते. टक्च्या पुढची, गुळगुळीत झालेली लाट पडद्यावर पसरते, एका शिखरापासून पुढच्या दहाव्या शिखरापर्यंतचे नमुने मोजते आणि दहाने भागते. आज उत्तर आलं ८५०. ४४,१०० भागिले ८५० म्हणजे ५१.९ हर्ट्झ : काळी चार, अगदी खालची. तरी कानाची सही हवी. तोच ठोका दोन सप्तकं वर चढवून ऐकला, पेटीवर काळी चार दाबून धरली. दोन्ही स्वर एकमेकांत मिसळले, मध्ये लहर उठली नाही. तेव्हा कुठे नाव लिहिलं.

दहा
तबल्याचे काका आले. मागच्या आठवड्यात त्यांनीच वाजवलेल्या बोलांची छाननी आहे, आणि वाजवणारा शेजारी असला की मला बरं वाटतं.

‘ना’ लावला. तबला काळी एकचा, म्हणजे सा २७७ हर्ट्झच्या आसपास. संगणक म्हणाला, ४१६. म्हणजे पंचम!

“अगं, तुझं यंत्र पंचम ऐकतंय,” काका म्हणाले. “ते खोटं नाही, पण सा सोडून पंचमाला कोण धरतं?”

त्यांचं अगदी बरोबर आहे. नुसतं ताणलेलं गोल कातडं वाजवलं, तर त्यातून निघणाऱ्या कंपनांचं प्रमाण १, १.५९, २.१४, २.३० असं वेडंवाकडं येतं. म्हणून बहुतेक ढोलांचा आवाज ‘धप्प’ वाटतो, त्यात सूर बसत नाही. शाईच्या वजनाने तबल्यात हीच कंपनं १, २, ३, ४, ५ अशा ओळीत येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमारांसह १९२० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं आणि १९३४ मध्ये सविस्तर लिहिलं. शाई घोटून थरावर थर चढवणाऱ्या कारागिरांच्या हाताला ते कितीतरी आधीपासून कळलेलं होतं, आणि रामन यांच्या कामाचं मोल मला त्यामुळे अधिकच वाटतं.

‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते. त्या स्पर्शाने सर्वांत खालचं कंपन दबतं आणि दोन, तीन, चार पुढे येतात : २७७, ४१६, ५५४. तिसरं जोरकस असलं की यंत्र पंचम सांगतं. कधी कधी न वाजलेलं पहिलं कंपन हिशेबाने काढून १३९, म्हणजे खालच्या सप्तकातला सा सांगतं. कान मात्र २७७ला सा धरतो. आणि ‘तूं’? तिथे तेच दबलेलं कंपन मोकळं सुटतं. ते ‘ना’च्या बरोबर सप्तकभर खाली असेलच असं नाही, म्हणून ‘तूं’ची पट्टी मी वेगळी ठरवते.

एका ‘ना’ची शेपटी थरथरत होती. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “एक घर उतरलंय.” पुडीच्या सगळ्या घरांचा ताण सारखा नसला, की एकाच स्वराचे दोन जवळचे स्वर होतात, २७७ आणि २८० असे, आणि सेकंदाला तीन लहरी ऐकू येतात. ती फाइल बाद. काकांनी हातोडीने गजऱ्यावर ठोके देऊन ते घर चढवलं आणि ‘ना’ पुन्हा घेतला.

एक
डग्गा. मनगटाच्या दाबाने ‘घे’ खालून वर सरकतो, आणि ती मींडच तर डग्ग्याचा जीव. एकच पट्टी लिहिली तर त्या बोलाशी खोटेपणा होईल. सुरुवातीचा स्वर आणि शेवटचा स्वर, दोन्ही लिहिते. फाइलचं नाव लांबतं, लांबू दे.

जेवण.

तीन
हलगी. विस्तवावर शेकून ताणलेलं कातडं वाजता वाजता निवतं आणि आवाज उतरत जातो, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या ठोक्याला एक पट्टी लावता येत नाही. प्रत्येकाची नोंद स्वतंत्र. ताशाचं काम मात्र झटपट होतं. तिथे मी ‘स्वर नाही’ असं सरळ लिहिते. यंत्र कोणत्याही आवाजाला आकडा देतं, ताशालाही देईल. पण तो आकडा गुणगुणता येत नसेल, तर तो लिहिणं म्हणजे घेणाऱ्याची फसवणूक.

पाच
संबळ. दोन तोंडं, एक उंच, एक खाली. जोडीने वाजलेल्या ठोक्यात दोन्हींचे आवाज गुंततात, म्हणून आधी सुटे ठोके ऐकून घेते. उंच तोंडाचा स्वर आज पांढरी दोनशी जुळला. खालच्याचा स्वर अंधूक आहे. ‘पांढरी पाचच्या जवळ, कच्चा’ अशी नोंद केली.

तेवढ्यात एका तरुण संगीतकाराचा फोन. “ताई, गोंधळाच्या बाजाचं गाणं आहे, पांढरी सहामध्ये. संबळ तीन-चार स्वर उतरवून देता का?”

नाही म्हणाले. सॉफ्टवेअरने ठोका इतका उतरवला की कातड्याबरोबर त्याचं भांडंही उतरतं. लहान संबळ भल्या मोठ्या नगाऱ्यासारखं वाजू लागतं. अर्धा स्वर, फार तर पूर्ण एक स्वर, एवढंच मी हलवते. शिवाय उंच तोंडाचा पांढरी दोन म्हणजे पांढरी सहाचा मध्यम. सा नसला तरी गाण्यात बसणारा स्वर.

“आहे तसंच गाण्याखाली ठेव आणि गाऊन बघ,” मी सांगितलं आणि मूळ ठोके, दोन्ही नोंदींसकट, त्याला पाठवून दिले. त्याने फोन चालू ठेवूनच ते लावले, दोन ओळी गायला. उंच तोंड छान बसलं. खालचं तोंड सम सोडून कुठे वाजवू नकोस म्हटलं.