नॅनोच्या टायरांची शोधाशोध

टाटा नॅनोचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. मात्र रस्त्यावरील गाड्यांचे टायर झिजतच असतात. या गाडीची अडचण दुहेरी आहे. पुढील चाकांना १३५/७० आर १२, तर मागील चाकांना १५५/६५ आर १२ मापाचे टायर लागतात. इंजिन मागे असल्याने तेथील भार अधिक, म्हणून मागचे टायर रुंद.

पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदीचा, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के हे सांगणारा आणि शेवटचा रिमच्या इंचांतील व्यासाचा. रिम बारा इंची असला, तरी कोणताही टायर चालत नाही. १४५/८० आर १२ हा टायर नॅनोच्या मागील टायरपेक्षा व्यासाने सुमारे ३० मिलिमीटर मोठा भरतो. तो आतून घासण्याचा धोका असतो. शिवाय स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो.

कमी खपाचे माप दुकानात पडून राहते. त्यामुळे टायरवरील चार अंकी तारीख अवश्य पाहावी. '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. भारक्षमतेचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा. टायर गुळगुळीत होण्याची वाट न पाहता आगाऊ मागणी नोंदवावी आणि पुढची वा मागची जोडी एकदमच बदलावी.