टास्क सुरू कोणी केला? मेनफ्रेमवर माग कसा काढायचा

ओझरला शेतावरची मोटार रात्री आपोआप चालू झाली, तर आपण काय बघतो? कोणी बटण दाबलं, मोबाइल स्टार्टरवरून चालू केली, की लाइट आल्यावर ऑटोने उचलली? ऑटो तसाच ठेवून नुसती बंद केली, तर लाइट आली की ती परत चालू!

बँकांच्या मेनफ्रेमवर, म्हणजे झेड-ओएसवर, असंच असतं. स्टार्ट कमांडने चालू होणाऱ्या प्रोग्रॅमला ‘स्टार्टेड टास्क’ म्हणतात. तो अवेळी चालू दिसला, तर माग असा काढा:

१. सिसलॉगमध्ये टास्कच्या नावाने ‘हॅस्प ३७३’ हा मेसेज शोधा. सुरू झाल्याची वेळ कळते.

२. तिथून थोडं वर जा. स्टार्ट कमांडच्या ओळीत कन्सोलचं नाव असतं. ते ऑपरेटरचं आहे की ऑटोमेशनचं, ते बघा.

३. तिथे ‘इंटर्नल’ असेल, तर बहुधा कमांड एखाद्या प्रोग्रॅमने दिली आहे. आयपीएलनंतर लगेच असेल, तर पार्मलिबमधली कमांडची यादी तपासा. रोज ठरावीक वेळेला होत असेल, तर शेड्युलर आणि जेस-टूच्या ऑटोमॅटिक कमांड बघा.

एक मात्र लक्षात ठेवा. टास्कचा युजर आयडी म्हणजे सुरू करणारा माणूस नव्हे! तो आयडी सहसा रॅकफच्या ‘स्टार्टेड’ क्लासमधून मिळतो. त्यावरून कोणाला दोष दिलात, तर निरपराध माणूस अडकेल, आणि टास्क उद्या पुन्हा चालू होईल.

म्हणून आधी माग, मग स्टॉप.